शून्य मृत्यूंचा हिशेब

२८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत सरकारला विचारण्यात आले, की गेल्या पाच वर्षांत हाताने मैला साफ करण्याच्या कामात किती माणसे दगावली. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांचे उत्तर होते : अशा एकाही मृत्यूची नोंद नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनीच लोकसभेत सांगितले होते, की गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसे मरण पावली. मंत्री तेच, खाते तेच आणि मेलेली माणसेही तीच. सहा महिन्यांत त्यांचा आकडा शून्यावर आला.

कायद्याच्या भाषेत दोन्ही उत्तरे बरोबर होती. हा चमत्कार हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यातल्या व्याख्यांनी शक्य केला आहे. त्या कायद्यानुसार ‘हाताने मैला साफ करणारा’ म्हणजे कोरड्या संडासातला, उघड्या नाल्यातला किंवा रेल्वेमार्गावरचा मैला हाताने उचलणारा. भूमिगत गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरणारा माणूस त्याच कायद्यात ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या खणात जातो. शिवाय एक पुस्ती जोडलेली आहे : सरकारने ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक पोशाख दिला असेल, तर हाताने मैला साफ करणाऱ्यालाही या व्याख्येत धरायचे नाही. त्यामुळे एखाद्या शहरात चेंबरमध्ये गुदमरून तिघे मेले, तरी तो जिल्हा ‘मैलावाहू प्रथेतून मुक्त’ म्हणून जाहीर होऊ शकतो. २०२३च्या अखेरीस देशातल्या ७६६ जिल्ह्यांपैकी सातशेहून अधिक जिल्ह्यांनी आपण असे मुक्त असल्याचे कळवले होते. त्याच वर्षी संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांत गटारे आणि टाक्यांमध्ये ३३९ माणसे गेली होती.

या टाकीत उतरल्यावर काय होते, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. साठलेला मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. बंद टाकीत ते कोंडून राहतात आणि तिथला प्राणवायू कमी होत जातो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो, त्यामुळे वास आला तर धोका कळेल असे वाटते. प्रमाण वाढले की हा वायू आधी वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. उतरणाऱ्याला वाटते, की हवा बरी आहे. प्रमाण आणखी जास्त असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. खालचा गाळ काठीने किंवा पायाने ढवळला, की त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो, म्हणजे कामाला सुरुवात करणे हीच सर्वांत धोक्याची घडी असते. पहिला कोसळला की वर उभा असलेला भाऊ, मेहुणा किंवा सोबतचा मजूर त्याला ओढायला आत उडी घेतो, आणि तोही वर येत नाही. मग तिसरा उतरतो.

म्हणूनच या बातम्यांत आकडा अनेकदा एकाहून अधिक असतो. डिसेंबर २०१९मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीच्या टाकीत तिघे मेले. मे २०२३मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या एका तांड्यावर पाच जण गेले. एप्रिल २०२४मध्ये विरारला सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चौघे. त्याआधी सप्टेंबर २०१८मध्ये दिल्लीत मोतीनगरच्या एका आलिशान गृहसंकुलात पाच जण मेले होते. गावे वेगळी आहेत, घटनेचा क्रम तोच आहे. उतरलेल्यांच्या अंगावर बनियन आणि अर्धी चड्डी, हातात बादली आणि दोर. वायू मोजण्याचे साधे यंत्र आणले असते तर ही माणसे आत उतरलीच नसती.

सरकारकडे याची माहिती नाही असे म्हणता येत नाही, कारण तपासणी सरकारनेच करून घेतली. २०२२ आणि २०२३मधल्या ५४ मृत्यूंचा सामाजिक लेखापरीक्षण अहवाल जुलै २०२५मध्ये संसदेपुढे आला. ५४पैकी ४९ जणांकडे कोणतेही संरक्षक साहित्य नव्हते. बाकीच्या पाचांपैकी बहुतेकांकडे फक्त हातमोजे होते. ४७ प्रसंगी कोणतेही यंत्र दिलेले नव्हते. ३८ जणांना कोणीतरी परस्पर रोजंदारीवर बोलावून नेले होते, म्हणजे कुठल्याच हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. २०१३च्या कायद्याखालच्या ज्या नियमांत चाळीसहून अधिक सुरक्षा साधनांची यादी दिली आहे, आपत्कालीन वैद्यकीय मदतीची सोय तयार ठेवायला सांगितले आहे आणि अपवादात्मक स्थितीतच, तेही मुख्य अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, माणूस उतरवायची मुभा आहे, त्या नियमांची ही अंमलबजावणी.

या कामाला कोण जाते हेही सरकारी कागदांत स्पष्ट लिहिलेले आहे. २०१३ आणि २०१८च्या पाहण्यांत हाताने मैला वाहणारे ५८,०९८ लोक सापडले; महाराष्ट्रातले त्यांत ६,३२५. ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची नोंद मिळाली, त्यांतले ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. शंभरातले सत्त्याण्णव. गटारे आणि टाक्या साफ करणाऱ्यांची नोंदणी ‘नमस्ते’ या केंद्रीय योजनेखाली सुरू झाली, तेव्हा तिथेही दोनतृतीयांशांहून अधिक लोक अनुसूचित जातींचे निघाले. हे काम गरिबीमुळे करावे लागते, असे म्हणणाऱ्याने या आकड्यांसमोर थांबून विचार करावा. गरीब सगळ्या जातींत आहेत. मैल्यात उतरवली जातात ती माणसे मात्र बहुतेक एकाच बाजूची आहेत.

महाराष्ट्राला हा प्रश्न फार जुना आहे. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्यालाही भंगीकाम करू द्यावे म्हणून आग्रह धरला, अन्न कमी केले, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी माणसाला मैल्याला हात लावावा लागू नये म्हणून स्वस्त, सोप्या संडासांचे प्रयोग केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका वेगळी आणि अधिक कठोर होती. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणे त्यांना मान्य नव्हते. ज्याच्यावर जन्माने हे काम लादले आहे त्याला त्याचा मोठेपणा सांगणे म्हणजे त्याला तिथेच बांधून ठेवणे, हा त्यांचा आक्षेप होता. १९४९मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली. पुढे केंद्राच्या पातळीवर मलकानी समिती आली. डोक्यावरून मैला वाहणे बंद झाले पाहिजे, हे या समित्यांनी सांगितले त्याला आता साठहून अधिक वर्षे झाली. मराठीत अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी ‘नरक सफाईची गोष्ट’ लिहून हे जग वाचकांपुढे ठेवले, त्यालाही तीन दशके उलटली.

कायदा व्हायला १९९३ साल उजाडले. स्वच्छता हा राज्यांचा विषय असल्याने काही राज्यांनी ठराव करून केंद्राला कायदा करण्याची विनंती केली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, ही नोंद आपल्या बाजूने घ्यायला हवी. पण कायदा प्रत्यक्ष लागू झाला १९९७मध्ये. पुनर्वसनाची राष्ट्रीय योजना १९९२पासून चालू होतीच. २००३मध्ये महालेखापरीक्षकांनी तिची तपासणी केली आणि दहा वर्षांत ६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनही ती उद्दिष्ट गाठू शकली नाही असा निष्कर्ष काढला. मग २००७पर्यंत प्रथा संपवण्याची मुदत ठरली. ती चुकली. २००७मध्ये नवी योजना आली, २००९ची नवी मुदत आली. तीही चुकली. ‘सफाई कर्मचारी आंदोलन’ या संघटनेने २००३मध्येच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. राज्यामागून राज्य ‘आमच्याकडे अशी प्रथा नाही’ असे लिहून देत होते आणि आंदोलनाचे कार्यकर्ते फोटो व पत्ते घेऊन न्यायालयात उभे राहत होते. २०११च्या जनगणनेने हा वाद संपवला. माणसाच्या हाताने मैला उचलला जातो असे ७ लाख ९४ हजार संडास तिने मोजले.

या काळात दिल्लीत काँग्रेसचे, संयुक्त आघाडीचे, भाजपचे, पुन्हा काँग्रेसचे सरकार आले. हे अपयश एका पक्षाच्या खात्यावर टाकणे सोपे आहे आणि खोटेही. तरीही २०१४नंतरच्या सरकारचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण स्वच्छता हीच आपली ओळख म्हणून ते सरकार देशापुढे आले. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, दहा कोटींहून अधिक संडास बांधले गेले, आणि पाच वर्षांनी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. बायकांना अंधाराची वाट पाहत बसावे लागत नाही, हा यातला मोठा फायदा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. रेल्वेच्या डब्यांत जैव-शौचालये आली, त्याने रुळांवरचा मैला उचलण्याचे कामही घटले.

पण संडास बांधणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्याचा मैला जातो कुठे? दोन शोषखड्ड्यांचा संडास नीट बांधला तर एक खड्डा भरल्यावर दुसरा वापरायचा, आणि वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातले कोरडे खत काढायचे, ज्याला वास नाही की रोगाची भीती नाही. अनेक घरांनी त्याऐवजी मोठी बंद टाकी बांधली. संशोधक डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी ग्रामीण भारतातल्या अभ्यासात दाखवून दिले, की यामागे विटाळाची कल्पना आहे. खड्डा उपसणे हे ‘त्यांचे’ काम, म्हणून खड्डा जितका मोठा तितकी ती वेळ लांबते. वेळ लांबली तरी टाकी कधीतरी भरतेच. आणि ती भरली की गावाबाहेरच्या वस्तीत निरोप जातो. कोट्यवधी संडासांची उद्दिष्टे ठरवणाऱ्या अभियानाला या टाक्या पुढे कोण आणि कशाने उपसणार याचा आराखडा त्याच तोलामोलाने करता आला असता. मैला उपसणाऱ्या गाड्या, गावागावांच्या गटासाठी प्रक्रिया केंद्र, प्रशिक्षित चालक यांना पैसा लागतो. २०२३-२४पासूनच्या तीन वर्षांसाठी संपूर्ण देशातल्या शहरांकरिता ‘नमस्ते’ योजनेला ठेवलेली रक्कम होती सुमारे ३५० कोटी रुपये. देशात ४,८००हून अधिक शहरी स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. भागाकार वाचकांनीच करावा.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. देशभर ते दृश्य दाखवले गेले. सरकारच्याच आकडेवारीनुसार त्याच वर्षी गटारे आणि टाक्यांमध्ये शंभराहून अधिक माणसे मेली. त्या पाच कामगारांचा झालेला सन्मान कोणी हिरावून घेऊ नये. पण सन्मानाने पोट भरत नाही आणि फुप्फुसेही वाचत नाहीत. बाबासाहेबांनी ज्या गौरवाबद्दल सावध केले होते, तो हाच. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन यांनी त्याआधी १२५ दिवसांची भीमयात्रा देशभर नेली होती. त्या यात्रेची मागणी अगदी साधी होती : आम्हाला मारू नका.

पुनर्वसनाची गोष्टही लांबण लावण्यासारखी नाही. नोंद झालेल्या कुटुंबाला एकदाच ४० हजार रुपये मिळतात. प्रशिक्षण आणि कर्जाच्या सोयी कागदावर आहेत, त्यांच्यापर्यंत पोचलेले लोक थोडे. ज्या बाईने वीस वर्षे टोपली उचलली, तिला ४० हजारांत कुठला धंदा उभा करता येतो? दुकान टाकले तर तिच्या हातचा चहा गावात कोण पिणार, हा प्रश्न कुठल्याच योजनेच्या अर्जात विचारलेला नाही. आपल्याकडे लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीने हजारो घरांना पक्के छप्पर दिले हे खरे, आणि त्याच नोकरीने पुढची पिढीही खराट्याशी बांधली गेली हेही खरे. आता तर ठेकेदारीने ती सुरक्षितताही काढून घेतली. ठेकेदाराकडचा कामगार मेला की पालिका म्हणते, तो आमचा नव्हे. सोसायटी म्हणते, आम्ही ठेकेदाराला काम दिले होते. ठेकेदार सापडत नाही.

गोवंडीच्या तिघांच्या विधवांना म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर २०२१मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला बजावले, की प्रत्येकीला दहा लाख रुपये आधी द्या, जबाबदार व्यक्तींकडून वसुली नंतर तुम्ही करा. हा दहा लाखांचा नियम नवा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च २०१४मध्येच घालून दिला होता, आणि १९९३पासूनच्या सगळ्या गटारमृत्यूंना लागू केला होता. सात वर्षांनंतर मुंबईसारख्या शहरात तीन बायकांना त्यासाठी वकील करावा लागला. २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई तीस लाखांवर नेली. २९ जानेवारी २०२५ला दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला. संसदेने १९९३मध्ये आणि २०१३मध्ये जे ठरवले, ते न्यायालयाला पुन्हा पुन्हा आदेशाने सांगावे लागते, यातून अंमलबजावणीबद्दल जो काय निष्कर्ष निघायचा तो निघतोच.

शिक्षा हा या कायद्याचा सर्वांत दुबळा भाग आहे. धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अनुसूचित जातीच्या माणसाकडून हाताने मैला साफ करवून घेणे हा २०१५च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात अपघाती मृत्यू किंवा निष्काळजीपणा अशी नोंद होते आणि या दोन कायद्यांची कलमे बाजूला राहतात. केंद्राने संसदेत दिलेल्या उत्तरांत शिक्षा झाल्याची माहिती राज्यांकडून आलेली नाही, असेच सांगितले गेले आहे. ज्या गुन्ह्याला शिक्षा होत नाही तो करायला माणूस घाबरत नाही. जिल्हाधिकाऱ्यावर कायद्याने जबाबदारी टाकलेली आहे. ती पार पाडली नाही म्हणून किती जिल्हाधिकाऱ्यांना जाब विचारला, हा प्रश्न आजवर कुठल्याच केंद्र सरकारने राज्यांना नेटाने विचारला नाही.

यंत्रे नाहीत, ही सबब आता चालण्यासारखी नाही. हैदराबादने अरुंद गल्ल्यांत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्या रस्त्यावर आणल्या. दिल्लीने २०१९मध्ये दोनशे गाड्या आणल्या. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी चेंबरमध्ये उतरून गाळ काढणारा ‘बॅंडिकूट’ हा यंत्रमानव तयार केला, तोही याच देशात. यंत्र चालवण्याचे परवाने आणि कर्ज त्याच वस्तीतल्या तरुणांना दिले, तर काल टाकीत उतरणारा उद्या गाडीचा मालक होतो. हा मार्ग काही शहरांत चाचपडत सुरू झाला आहे. तो देशाचा नियम करणे हे केंद्र सरकारचे काम आहे, आणि ते करायला सरकारने व्याख्येतली पळवाट बंद करून गटारात मेलेल्या प्रत्येकाला हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या मोजणीत धरले पाहिजे. जिथे मृत्यू झाला तो जिल्हा पुढची पाच वर्षे ‘मुक्त’ म्हणवून घेऊ शकणार नाही, एवढी एक अट घातली तरी कागदी मुक्तीचा बाजार उठेल.

तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. सोसायटीची टाकी भरली, की सेक्रेटरी कोणालातरी फोन करतो. त्या दिवशी बैठकीत विचारा, की गाडी येणार आहे की माणूस उतरणार आहे. माणूस उतरणार असेल तर काम थांबवा, पालिकेच्या सफाई विभागाला लेखी कळवा आणि मैला उपसणारी गाडी मागवा. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये जास्त लागले तर ते सर्व सभासदांकडून काढा. अजामीनपात्र गुन्हा केवळ ठेकेदाराच्या नावावर नोंदला जात नाही, काम देणाऱ्याच्या नावावरही नोंदला जातो, हेही त्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.